जुन्या नावानं हाक मारणारा कोड



आपल्या गावाला आपण बडोदे म्हणतो, शेजारचे गुजराती वडोदरा म्हणतात आणि बँकेच्या पाटीवर ते अजून बरोडाच आहे. रेल्वे स्टेशनचं नाव वडोदरा झालं, तरी त्याचा संक्षेप ‘बीआरसी’च राहिला. पाकिटावर यातलं कुठलंही नाव लिहा, पिनकोड बरोबर असला की पोस्टमन पत्र घरी आणून देतो. कॉम्प्युटरकडे एवढी समज नसते. नावातलं एक अक्षर बदललं तरी ‘असं इथे कोणी राहत नाही’ म्हणून तो मोकळा होतो.

मंडळातल्या कॉलेजच्या मुलांची सध्या हीच तक्रार असते. सिनियरकडून घेतलेला किंवा जुन्या पुस्तकातून उतरवलेला पायथनचा प्रोजेक्ट नव्या लॅपटॉपवर पहिल्याच ओळीला अडतो. ही पहिली ओळ बहुतेक वेळा इम्पोर्टची असते. प्रोग्रॅमिंगशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्वयंपाकाला लागताना आपण आधी फळीवरून लागतील ते डबे खाली काढतो, तसा प्रोग्रॅम सुरुवातीला लागणारी तयार साधनं नावानं मागवून घेतो. या साधनांना मॉड्यूल म्हणतात आणि मागवण्याला इम्पोर्ट. डब्यावरची चिठ्ठी कोणी बदलली, तर स्वयंपाक सुरूच होत नाही.

पायथनमध्ये चिठ्ठ्या बदलल्या त्या ३ डिसेंबर २००८ रोजी. त्या दिवशी पायथन ३.० आलं आणि भाषेच्या कर्त्यांनी जाणूनबुजून जुन्याशी फारकत घेतली. मॉड्यूलची नावं सगळी छोट्या लिपीत असावीत असा नियम होता, पण जुनी काही नावं तो पाळत नव्हती. म्हणून ‘कॉन्फिगपार्सर’ आणि ‘क्यू’ यांची कॅपिटल अक्षरं गेली. ‘यूआरएललिब२’चं सामान ‘यूआरएललिब’च्या आतल्या ‘रिक्वेस्ट’ आणि ‘एरर’ या खोल्यांत गेलं, तर ‘यूआरएलपार्स’ त्याच घरातल्या ‘पार्स’ नावाच्या खोलीत राहायला आलं. जुन्या पायथन २ चा आधार २०१५ मध्ये थांबणार होता. लोकांचं स्थलांतर होईना, म्हणून मुदत वाढवून १ जानेवारी २०२० केली. म्हणजे अकरा वर्षं दोन्ही घरं नांदती होती आणि एकच कोड दोन्हीकडे चालवायची पाळी हजारो लोकांवर आली.

यावरचा सर्वमान्य उपाय साधा आहे. आधी नव्या नावानं हाक मारायची. ‘इम्पोर्ट एरर’ आला तर जुन्या नावानं मारायची, आणि जे हाती येईल त्याला पुढच्या कोडसाठी एकच नाव द्यायचं. पायथनमध्ये यासाठी ट्राय आणि एक्सेप्ट हे दोन शब्द आहेत. नवं नाव आधी घ्यायचं कारण असं की आज तेच रोजचं आहे. जुन्याची गरज संपली की एक्सेप्टचा तुकडा पुसला, काम झालं. ‘सिक्स’ नावाची एक लायब्ररी हीच उठाठेव तयार करून देत असे. दोन गुणिले तीन बरोबर सहा, म्हणून सिक्स!

उपाय चार ओळींचा आहे, पण त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला, नाव तेच पण घर वेगळं. ‘यूआरएललिब’ हे नाव दोन्ही पायथनमध्ये आहे, त्यामुळे इम्पोर्ट दोन्हीकडे बिनबोभाट होतो. पण जुन्यात ‘यूआरएलएनकोड’ हे काम थेट त्याच्याकडे होतं, नव्यात ते ‘पार्स’च्या खोलीत आहे. चूक इम्पोर्टला दिसत नाही. ती त्या ओळीवर पोहोचल्यावर दिसते, आणि ती ओळ महिन्यातून एकदाच चालणारी असेल तर महिन्यानं दिसते. म्हणून अख्खं मॉड्यूल न मागवता त्यातलं नेमकं जे हवं तेच नावानं मागवावं. म्हणजे जे नाही ते दारातच कळतं.

दुसरा, आवृत्तीचा आकडा अक्षरांसारखा वाचणं. ‘आवृत्ती अमुकपेक्षा मोठी असेल तर हे कर’ असं काहीजण लिहितात. त्यात गैर काही नाही. पण शब्दकोशाच्या क्रमानं लावलं तर ‘३.१०’ हे ‘३.९’च्या आधी येतं. पहिली तीनच अक्षरं उचलणाऱ्या कोडला तर ३.१० हे ३.१ वाटतं. पायथन ३.१० आल्यावर असे कोड एका रात्रीत बारा वर्षं मागे गेले. आवृत्ती तपासायचीच असेल तर ‘व्हर्जन-इन्फो’ वापरा. त्यात आकडे आकड्यांसारखेच मोजले जातात.

तिसरा खड्डा सगळ्यांत खोल. एक्सेप्टच्या पुढे चुकीचं नाव न लिहिता नुसतंच एक्सेप्ट लिहिलं, तर जगातली कुठलीही चूक त्यात गिळली जाते. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात अशी स्क्रिप्ट मी पाहिली आहे. रोज रात्री ती स्टोअरमधल्या मालाचा हिशेब करून एक्सेलची फाइल बनवायची आणि सकाळी खरेदीचा माणूस त्यावरून ऑर्डरी द्यायचा. एक्सेलची लायब्ररी मागवणारी ओळ कोणीतरी ट्रायमध्ये ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं, की नाही मिळाली तर पुढे चला. कॉम्प्युटर नवा आला, त्यावर ती लायब्ररी कोणी टाकली नाही. स्क्रिप्ट रोज रात्री ‘काम पूर्ण’ असं छापत राहिली आणि फोल्डरमध्ये जुनीच फाइल पडून राहिली. तीन आठवड्यांनी एका बेअरिंगसाठी मशीन उभं राहिलं, तेव्हा शोध सुरू झाला. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. पहिल्याच रात्री लाल अक्षरांत एरर आला असता, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या आत काम मिटलं असतं.

म्हणून मी मुलांना सांगतो, पर्याय खरोखर असेल तिथेच एक्सेप्ट लिहा, आणि तोही फक्त ‘इम्पोर्ट एरर’साठी. पर्याय नसेल तर प्रोग्रॅमला बोंब मारू द्या. आणखी एक बारकावा आहे. मॉड्यूल जागेवर असतं, पण त्याला लागणारं दुसरंच एखादं नसतं, तेव्हाही ‘इम्पोर्ट एरर’च येतो आणि आपण उगाच जुन्या नावाकडे वळतो. नेमकं काय सापडलं नाही, ते पायथन ३ एररसोबतच कळवतं. तेवढं वाचायची सवय लावा.

पायथन २ संपलं म्हणजे प्रश्न संपला असं मात्र नाही. ३ च्या आतही घरं बदलतातच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून ‘डिस्टयूटिल्स’ गेलं. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मधून ‘सीजीआय’, ‘टेलनेटलिब’ यांसारखी १९ जुनी मॉड्यूल एकदम काढली. जुना कोड नव्यात बदलून देणारं ‘टू टू थ्री’ हे अवजारसुद्धा त्याच आवृत्तीत निवृत्त झालं. उलट बाजूनं ३.९ मध्ये ‘झोनइन्फो’ आणि ३.११ मध्ये ‘टॉमललिब’ आत आले. त्याआधीच्या आवृत्तीवर चालवायचं असेल, तर त्यांच्यासाठी बाहेरून पर्याय आणावा लागतो.

मग करायचं काय? कॉलेजचा प्रोजेक्ट असेल तर दोन घरांचा संसार मांडूच नका. सरळ पायथन ३ साठी लिहा आणि कोणत्या आवृत्तीवर चालवून पाहिलं, ते पहिल्या पानावर नोंदवा. कामाच्या ठिकाणी दोन आवृत्त्या सांभाळणं भागच असेल, तर ही सगळी ट्राय-एक्सेप्टची भानगड एकाच फाइलमध्ये ठेवा आणि बाकीच्या फाइलींना तिथूनच माल घेऊ द्या. चाळीस फाइलींत पसरलेले चाळीस पर्याय कोणी कधी काढत नाही. आणि प्रत्येक पर्यायाशेजारी तो कशासाठी आहे आणि कधी काढायचा, हे एका ओळीत लिहा. बरणीवर लोणचं घातल्याची तारीख घालतो, तसं.

लॅपटॉपवर प्रोजेक्ट अडला असेल तर फोन करण्याआधी दोन गोष्टी बघून ठेवा. पायथनची आवृत्ती कोणती, आणि एररची शेवटची ओळ काय म्हणते. निम्म्या वेळा फोन करायची गरजच उरत नाही.