भिंतीची जाडी

पाथर्डीत बांधकामाला निघालेल्या एका स्नेह्यानं या आठवड्यात नकाशा दाखवला. बाहेरची भिंत अकरा इंची: दोन्ही अंगांना अडीच इंचांची थर्माकोलसारखी फोमची पाटी, मध्ये सळई आणि सहा इंच काँक्रीट. साचा काढायचाच नाही, तोच भिंतीत राहून ऊन अडवतो. तुम्हाला आजोळचं धाब्याचं घर आठवत असेल. वैशाखात बाहेर फुफाटा, आत गारवा, तो त्या हातभर पांढऱ्या मातीचा. पण ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात माती-दगडाच्या जाड भिंतींखालीच माणसं गेली, म्हणून मला ही सळईची जाड भिंत फार मोलाची वाटते. आता नियम पाहा. राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत क्षेत्रफळ बाहेरच्या कडेनं मोजतात, म्हणजे भिंतीची जाडीही चटईक्षेत्रात गेली. वीस बाय तीसच्या घरात सहा इंची भिंत अकरा इंची केली की आतली जवळपास ४० चौरस फूट जागा जाते. म्हातारीची खाट, धान्याची कोठी, सगळं त्यात बसलं असतं! केंद्राची २०१८ची इको निवास संहिता भिंतीतून येणारी उष्णता मोजते खरी, पण ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. आपल्या दोन-तीन गुंठ्यांना ती विचारतही नाही. माझं म्हणणं सरळ आहे: ऊन अडवणारी जाडी चटईक्षेत्रातून वगळा. स्नेह्यानं मात्र परवा नकाशा बदलला, सहा इंची वीट, आणि वर कूलरसाठी खिडकी.