‘त्याच्या हातून’ मेलेला माणूस

घरच्या पडद्यावरील थकल्याभागल्या पोलीस अधिकाऱ्याविषयी आपले समीक्षक ज्या आदराने लिहितात, त्या आदराचीच एकदा झडती घ्यायला हवी. अधिकाऱ्याला झोप येत नाही, संसार मोडलेला असतो, वरिष्ठ विकले गेलेले असतात. एवढे जुळून आले की ‘व्यवस्थेने चिरडलेला माणूस’ हे पद तयारच असते. व्यक्तिरेखा ‘गुंतागुंतीची’ ठरते आणि मूल्यमापन तिथेच संपते. प्रस्तुत लेखकाला ही गुंतागुंत मान्य नाही. थकवा हा इथे निर्दोषत्वाचा दाखला म्हणून वापरला जातो.

या नायकाचे कूळ मराठीच आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्रे यांची कविता आणि गोविंद निहलानींचे दिग्दर्शन यांतून 1983 साली ‘अर्धसत्य’ आला. त्यातला फौजदार अनंत वेलणकर कोठडीत एका किरकोळ चोराला मरेपर्यंत मारतो. वर्गात या चित्रपटाचे कथानक लिहून घेतले, तेव्हा बहुतेकांच्या वहीत एकच वाक्य सापडले : ‘वेलणकरच्या हातून एक चोर मरतो.’ विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आमची समीक्षाही असेच लिहीत आली. ‘वेलणकर चोराला मारतो’ यात वेलणकर कर्ता आहे. ‘हातून’ म्हटले की कर्तेपण चोराकडे जाते. मरण्याचे काम त्याने केले, वेलणकरचा फक्त हात तिथे होता. आणि त्या हातामागे हवालदार बापाची मारझोड, वरिष्ठांची कच, राजकारणी गुंड अशी कारणांची रांग उभी करता येते. रांग खोटी नाही. पण चोराच्या मागे कोण उभे होते, हे आम्ही कधी विचारले?

तेंडुलकर-निहलानींनी निदान तो मृत्यू झाकला नाही. चौकशी येते, आणि तिच्यातून सुटण्यासाठीच वेलणकरला रामा शेट्टीच्या दारी जावे लागते. तिथे तो शेट्टीचा गळा दाबतो आणि ठाण्यात जाऊन स्वाधीन होतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. मात्र ही शरणागती शेट्टीच्या खुनाची आहे. चोराचा हिशेब तिच्यात परस्पर वळता होतो. या वळत्या हिशेबाला शोकात्मिका म्हणण्याची घाई झाली.

वारसांनी एवढाही संकोच ठेवलेला नाही. 2018 च्या ‘सेक्रेड गेम्स’मध्ये सरताज सिंगचा घटस्फोट, त्याच्या गोळ्या, त्याचा अपराधभाव यांना भरपूर अवकाश आहे. काटेकर हा मराठी हवालदार (जितेंद्र जोशींनी तो फार चांगला उभा केला आहे) त्याच्याबरोबरच उन्हातान्हात फिरतो, आणि पहिल्या पर्वातच मारला जातो. त्याच्या मरणाने सरताजचे अंतरंग आणखी खोल होते. हवालदाराचे मरणही साहेबाच्या खाती जमा!

पोलीस खरोखर थकत नाहीत काय, असा आक्षेप येईल. थकतात. म्हणून तर 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. थकवा हा तिथे पाळीचा आणि मनुष्यबळाचा प्रश्न होता. मालिकेत त्याचे प्राक्तन होते, कारण हजेरीपटात नायक सापडत नाही.

आमच्या पनवेलच्या सत्र न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये एका पोलीस निरीक्षकाला सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे यांच्या 2016 मधील खुनाबद्दल जन्मठेप दिली. या प्रकरणावर उद्या मालिका निघाली, तर पहिल्या प्रसंगात रात्री जागा असलेला माणूस कोण असेल? बिद्रे यांच्या घरचे वर्षानुवर्षे जागेच होते. माझी पैज मात्र निरीक्षकावर आहे.