विश्लेषण : पाऊण बांधलेले जहाज भंगाराच्या वाटेवर का गेले? ‘ग्लोबल ड्रीम’ची रखडकथा सणसवाडीच्या लघुउद्योजकांना काय सांगते?

‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ या महाकाय क्रूझ जहाजाची पहिली सफर सिंगापूरहून १५ डिसेंबर २०२५ रोजी निघणार होती. काम पूर्ण होण्यास उशीर होत असल्याने ती १० मार्च २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली. मात्र या जहाजाची रखडपट्टी त्याहून बरीच जुनी आहे. बांधणी सुरू असतानाच त्याचा मूळ मालक आणि गोदी दोघेही दिवाळखोरीत गेले. केंद्र आणि महाराष्ट्र सरकार जहाजबांधणीला बळ देण्याची भाषा करत असताना हे जहाज नेमके कुठे अडले, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

हे जहाज मुळात कोणाचे?

हाँगकाँगच्या गेंटिंग समूहाने २०१६ मध्ये जर्मनीतील विस्मार, रोस्टॉक आणि श्ट्रालझुंड येथील गोद्या विकत घेऊन ‘एमव्ही वेर्फ्टन’ ही कंपनी उभी केली. आशियाई, विशेषतः चिनी पर्यटकांसाठी ‘ग्लोबल ड्रीम’ हे जहाज बांधण्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. लांबी ३४२ मीटर, सकल टनभार २ लाख ८ हजार आणि प्रवासी क्षमता ९ हजारांहून अधिक असा हा आराखडा होता. मधला भाग रोस्टॉकमध्ये बांधून समुद्रमार्गे विस्मारला आणण्यात आला.

काम का थांबले?

जहाज घेणारा आणि बांधणारा एकाच समूहातील होते. करोनामुळे २०२० मध्ये जगभरातील क्रूझ बंद पडल्या आणि गेंटिंगची मिळकत आटली. तिकिटांचा पैसा थांबला, त्याबरोबर गोदीचाही थांबला. जर्मन सरकारने काही काळ आधार दिला. पण पुढील मदतीच्या अटींवर दोन्ही बाजूंचे एकमत झाले नाही. १० जानेवारी २०२२ रोजी एमव्ही वेर्फ्टनने दिवाळखोरीचा अर्ज केला. काही दिवसांतच गेंटिंग हाँगकाँगचीही तीच गत झाली. त्या वेळी जहाजाचे सुमारे तीन चतुर्थांश काम झाले होते.

पाऊण जहाजाला पाऊण किंमत का नाही?

क्रूझ जहाज हे तरंगते हॉटेल असते. केबिन, स्वयंपाकघरे, नाट्यगृह, वायरिंग हे सारे एका मालकाच्या गरजेनुसार आखलेले असते. दुसऱ्याला ते तोडून नव्याने करावे लागते. त्यामुळे गिऱ्हाईक मिळेना आणि जहाज भंगारात जाण्याची चर्चा सुरू झाली. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये डिस्नेने ते घेतले. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार सौदा सुमारे ४ कोटी युरोंचा होता. पूर्ण जहाजाचा मूळ खर्च दीड अब्ज युरोंच्या घरात धरला गेला होता. ‘ग्लोबल ड्रीम’च्या जोडीला आखलेले दुसरे जहाज तर पूर्णच झाले नाही.

दोष फक्त करोनाचा होता का?

नाही. डिस्नेचे जहाज पूर्ण करण्याचे काम मायर वेर्फ्ट या अनुभवी जर्मन कंपनीकडे गेले. तिच्याकडे कामाची कमतरता नव्हती, तरीही २०२४ मध्ये ती स्वतःच अडचणीत आली. जर्मन केंद्र सरकार आणि लोअर सॅक्सनी राज्याला ४० कोटी युरो घालून सुमारे ८० टक्के हिस्सा घ्यावा लागला. क्रूझ जहाजांच्या व्यवहारात साधारण २० टक्के रक्कम बांधणीदरम्यान आणि ८० टक्के जहाज ताब्यात देताना मिळते. मधली काही वर्षे पोलाद, यंत्रे आणि पगार यांचा भार गोदी कर्जावर उचलते. महागाई वाढली की करारातली किंमत अपुरी पडते आणि भरलेली ऑर्डर बुकच गळ्याशी येते.

महाराष्ट्राचा अनुभव काय?

२०१९ मध्ये मुंबईहून ‘जलेश क्रूझेस’ची ‘कर्णिका’ मोठा गाजावाजा करत सुरू झाली. १९९० मध्ये बांधलेले हे जुने जहाज होते. २०२० मध्ये टाळेबंदीत ते उभे राहिले, देणी थकली आणि त्याच वर्षाअखेर ते अलंगच्या भंगार किनाऱ्यावर पोहोचले. दाभोळमध्ये गोदी असलेल्या भारती समूहाची कंपनी कर्जाखाली दबली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. जहाज चालवणे असो वा बांधणे, दोन्हीकडे आधी खेळते भांडवल संपले.

सणसवाडीचा संबंध कुठे येतो?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव या पट्ट्यात समुद्र नाही. पण मोठ्या कारखान्यांना सुटे भाग आणि फॅब्रिकेशन पुरवणारे लघुउद्योग आहेत. जहाजबांधणी वाढली तर अशा कामाची मागणीही वाढेल. धोका मात्र तोच राहील. सूक्ष्म व लघुउद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन कायद्यात आहे आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे. परंतु खरेदीदार कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली की वसुलीच्या दाव्यांना स्थगिती मिळते. अवसायनाची वेळ आली तर प्रक्रियेचा खर्च, कामगारांची देणी आणि तारणधारक बँका यांचा क्रम आधी लागतो. माल पुरवणारे बरेच खाली असतात. एक मोठे बिल बुडाले तरी दहा-बारा कामगारांचे वर्कशॉप बंद पडू शकते.

सरकारी योजनांनी हे बदलेल का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये जहाजबांधणीसाठी ६९ हजार ७२५ कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले. त्यात २५ हजार कोटींचा सागरी विकास निधी असून त्याच निधीतील ५ हजार कोटी व्याजाचा भार हलका करण्यासाठी आहेत. राज्य मंत्रिमंडळानेही एप्रिल २०२५ मध्ये स्वतंत्र धोरणाला मंजुरी दिली. स्वस्त कर्जामुळे गोदीचा मधला काळ सुसह्य होईल. पण तो पैसा खालच्या पुरवठादारापर्यंत वेळेत झिरपला नाही, तर विस्मारची पुनरावृत्ती टळणार नाही. त्यामुळे मोठ्या गोदीची ऑर्डर हाती आली तरी अ‍ॅडव्हान्स, टप्प्याटप्प्याने बिल आणि एकाच गिऱ्हाइकावर किती भिस्त ठेवायची याची मर्यादा, या तीन गोष्टी काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घेणे लघुउद्योजकाच्या हाती आहे.