लेकीचा अर्धवट डाव

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरी कपाट आवरताना मुलांचा जुना गेम बॉय सापडला. 1989 साली निन्टेन्डोने आणलेल्या या खेळाच्या अनेक कार्ट्रिजमधील नोंद ठेवणारी चिप एका बटन सेलवर जगते. सेल संपला की नोंद पुसली जाते. आमच्या कार्ट्रिजमध्ये सासरी गेलेल्या लेकीचा अर्धवट डाव होता. चिरंजीवांनी प्रथम तो संगणकावर उतरवून घेतला, मगच जुन्या चिपचे डाग सोडवून तेथे एफ-रॅम बसवली. तिला नोंद जपण्यास वीज लागत नाही. डाव पुन्हा चढवताच पडद्यावर लेकीचे नाव उमटले.

वाचकहो, चिप केव्हाही बदलता येते. पुसलेला डाव मात्र परत येत नाही. म्हणून आधी नोंद उतरवावी, नंतरच हत्यार हाती घ्यावे.