खून कुणाचा झाला?

तोंडात करंजीचा घास असताना खुनाची गोष्ट काढतो आहे, गृहिणींनी क्षमा करावी. पण दिवाळी अंकात रहस्यकथा चालते, तर रहस्यपटावरचे भांडण का चालू नये? माझे भांडण ‘लॉरा’शी आहे. व्हेरा कॅस्परीबाईंची कादंबरी १९४३ ची, ऑटो प्रेमिंजर यांचा चित्रपट १९४४ चा.

चित्रपटाने कादंबरीवर मात केली, असे जाणकार सांगतात. छायाचित्रणाला ऑस्कर मिळाले, ते रास्तच. ती भिंतीवरची तसबीर पाहून हा मॅट्रिकवाला मास्तरही भुलला होता, हे कबूल करतो.

पण कथा पाहा. न्यूयॉर्कच्या जाहिरात-व्यवसायात नाव काढलेली लॉरा हंट स्वतःच्या घराच्या दारात मारली जाते. चेहरा ओळखू येत नाही. तपास करता करता डिटेक्टिव मॅकफर्सन तिच्या तसबिरीवरच लुब्ध होतो, आणि एका रात्री लॉरा जिवंत दारात उभी! प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतात. मी मात्र तिथेच अडलो. अहो, मग मेली कोण?

मेली डायन रेडफर्न. लॉराच्या कचेरीच्या जाहिरातींसाठी छायाचित्रांना उभी राहणारी पोर. लॉरा गावाला गेलेली पाहून तिचा नियोजित वर शेल्बी हिला त्या घरी घेऊन आला. घंटा वाजली. दार उघडायला ही गेली, आणि लॉरा समजून मारेकऱ्याने अंधारात बंदूक झाडली. तिच्यासाठी कुणाच्या डोळ्याला पाणी येत नाही. सगळ्यांना पडलेला प्रश्न एकच : लॉरा कुणाची?

कॅस्परीबाईंनी असे केले नव्हते. त्यांनी या पोरीला गिरणीतले पूर्वायुष्य दिले, जेनी स्वोबोडो हे खरे नाव दिले आणि डिटेक्टिवला तिच्या भाड्याच्या खोलीत नेऊन उभे केले. लॉरालाही स्वतःची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगू दिली. चित्रपटात निवेदन करतो कोण? वाल्डो लायडेकर, म्हणजे खुद्द खुनी! (ऐंशी वर्षांपूर्वीचे रहस्य फोडले म्हणून रागावू नका.) पटकथेवरून बाई प्रेमिंजर यांच्याशी भांडल्या. भांडणारच! आपले लेकरू दुसऱ्याच्या हाती देऊन पाहा.

‘चित्रपटाला वेळ थोडा असतो हो,’ असे कुणी म्हणेल. असेल. पण न्हाणीच्या टबात बसून टाइप करणाऱ्या लायडेकरसाहेबांना वेळ आहे. त्यांच्या शेलक्या टोमण्यांना वेळ आहे. ते लॉराला मारायला पुन्हा येतात, पोलिसांची गोळी लागून कोसळतात, आणि मरता मरता लॉराचा निरोप घेण्याइतकी सवड त्यांना मिळते. डायनच्या वाट्याला पुऱ्या चित्रपटात एक वाक्यही नाही.