डब्यातल्या निगेटिव्ह

ईदच्या साफसफाईत अनेक घरांत पत्र्याचा एक डबा निघतो. आत निगेटिव्हच्या पट्ट्या. “आता हे कुठे धुवून मिळते, टाकून द्या,” असे घरातले कुणीतरी म्हणतेच. आमचे म्हणणे, टाकू नका.

पूर्वी डार्करूममध्ये निगेटिव्ह एन्लार्जरला लावून तिच्यातून उजेड थेट कागदावर पाडत. कागद रसायनात बुडवला की चेहरे हळूहळू वर येत. कृष्णधवल फोटोसाठी या पद्धतीला आजही तोड नाही, असे आम्हाला वाटते. त्या कागदावरचे चित्र चांदीच्या कणांचे असते. नीट धुतलेला असेल तर तो फार टिकतो. म्हणून दादा-दादीचा फोटो अजून स्वच्छ दिसतो आणि अब्बा-अम्मींच्या निकाहचा रंगीत फोटो लालसर पडलेला असतो. १९७०च्या दशकातल्या बऱ्याच रंगीत कागदांतला निळसर रंग अल्बम बंद ठेवला तरी उडत जातो.

इथे स्कॅनिंग कामाला येते. एन्लार्जरचे फिल्टर सगळ्या चित्राचा रंग एकदमच बदलतात. स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे सुधारता येतात, सावलीत वेगळे आणि उजेडात वेगळे. पण स्कॅन कशाचा, हे पाहा. ४ बाय ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर साधारण २१ लाख पिक्सेल मिळतात. ३५ मिमीची निगेटिव्ह २४०० डीपीआयवर केली तर ७७ लाखांच्या आसपास. तेव्हा दुकानात फोटो नव्हे, निगेटिव्ह द्या आणि हा आकडा आधी विचारा. धूळ-ओरखडे आपोआप काढणारी सोय इन्फ्रारेड किरणांवर चालते. कृष्णधवल निगेटिव्हला ती लावू देऊ नका. चांदी ते किरण अडवते, मग मशीन चेहऱ्याच्या रेषांनाच ओरखडे समजते.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाहीत. जुन्या पद्धतीत निगेटिव्ह आणि फोटो मोजून परत घेतले की दुकानात काही उरत नसे. स्कॅनची प्रत मात्र त्यांच्या संगणकात राहते. निकाहच्या, मेहंदीच्या फोटोंत घरातल्या बायका-मुली असतात. हे फोटो घराची अमानत आहेत. शक्यतो समोर बसून स्कॅन करून घ्या, पेनड्राइव्हवर उतरवा आणि तिथली फाइल आपल्या डोळ्यांदेखत पुसायला लावा. यात संकोच कसला? चार घरांनी मिळून एक स्कॅनर घेतला तर हा प्रश्नच मिटतो.

स्कॅन झाले तरी निगेटिव्ह ठेवाच. हार्ड डिस्क बंद पडली तर पुन्हा तिच्याकडेच यावे लागते. ज्या पट्टीला सिरक्याचा वास येतो तिची फिल्म कुजू लागलेली असते. ती आधी स्कॅन करा आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. उरलेल्या कागदी पाकिटांत, कोरड्या कपाटात. पाकिटावर पेन्सिलीने नाव आणि साल लिहा, पट्टी आत घालण्याआधी. कोण कोण आहे ते दादीला विचारून घ्या, आजच.