हे ते विमान नव्हे

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी दरवर्षी एक उत्खननच असते. यंदा माळ्यावरून जी पत्र्याची ट्रंक खाली आली, तिच्यात जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेला एक लाकडी ठोकळा निघाला. ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा ठोकलेला आणि पत्र्यावर उलटे कोरलेले एक विमान. नात म्हणाली, "आजोबा, हा कसला हो शिक्का?" सौभाग्यवती म्हणाल्या, "भंगारवाल्याला देऊन टाका." मी दोघींनाही काही न बोलता तो उचलला आणि माझ्या टेबलावर ठेवला. त्याची हकीकत त्यांना अजून सांगितलेली नाही. वाचकांबरोबरच त्यांनाही ती कळेल.

गोष्ट १९६० नंतरच्या दशकातली. मी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत रात्रपाळीचा उपसंपादक होतो. त्या काळी फोटो छापायचा म्हणजे आधी त्याचा जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. त्याला वेळ लागे आणि पैसाही. तेव्हा एकदा वापरलेला ब्लॉक कोणी टाकून देत नसे. आमच्याकडे अशा ब्लॉकांचे एक कपाट होते आणि त्याच्या खणांना नावे होती: पुढारी, पूर, आग, आगगाडी, विमान. पूर कुठल्याही नदीला येवो, ब्लॉक तोच बाहेर यायचा. वाचकांनी कधी तक्रार केली नाही. पाणी सगळीकडे सारखेच दिसते म्हणायचे.

एका रात्री टेलिप्रिंटरवर चार ओळी आल्या. कुठल्याशा फ्लाइंग क्लबचे पुष्पक विमान शिकाऊ वैमानिकासह बेपत्ता झाले होते. पुष्पक म्हणजे बंगलोरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात तयार झालेले, १९५८ साली प्रथम उडालेले, कापडी पंखांचे चिमुकले विमान. रामायणातल्या पुष्पकात म्हणे कितीही मंडळी चढली तरी एक जागा रिकामी राहायची. या पुष्पकात जागा दोनच, आणि त्या दिवशी त्यांतली एक खरोखरच रिकामी होती. फोरमन म्हणाला, "साहेब, पहिल्या पानावर तीन कॉलम मोकळे पडताहेत. फोटो आहे का?" मी विमानाचा खण उघडला. आत डाकोटाचा ब्लॉक होता, भलेमोठे दोन इंजिनांचे प्रवासी विमान. तो मी दिला. खालची ओळही मीच लिहिली: ‘बेपत्ता झालेले विमान’.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ कचेरीत आले. डोक्याला टोपी, अंगात कोट, हातात छत्री. रात्रीच्या गाडीने आलेले दिसत होते. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी आमच्या अंकाचे कात्रण काढले आणि टेबलावर नीट पसरले.

"एवढंच विचारायचं होतं," ते म्हणाले. "या विमानाला ओळीनं खिडक्या दिसतात. घरी मंडळी म्हणतात, इतक्या खिडक्या, म्हणजे बरोबर आणखी माणसं असणार. पोरगं एकटं नसणार. क्लबवाले म्हणतात तो एकटाच होता. पण फोटो आपल्याकडे आहे, तेव्हा आपल्याला नक्की ठाऊक असेल."

मी म्हटले, "काका, हे ते विमान नव्हे."

"मग हे कुठलं?"

"आमच्या कपाटातलं."

ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी एवढेच विचारले, "मग ते कसं होतं?" पुष्पकाचा फोटो आमच्याकडे नव्हता. मी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढून दाखवले: डोक्यावर एक सलग पंख, नाकाशी एक पंखा, आत दोन जागा. त्यांनी तो कागद घेतला. कात्रणही पहिल्यासारखी घडी घालून खिशात ठेवले आणि चहा न घेता ते गेले. मुलगा पुढे सापडला. कसा सापडला ते सणासुदीच्या अंकात लिहीत नाही. दुरुस्ती आम्ही छापली का? नाही. चूक झाली असे कचेरीत माझ्याखेरीज कोणालाच वाटले नव्हते, आणि मीही ते मोठ्याने म्हणालो नाही. नोकरी सोडताना मात्र तो ब्लॉक मागून घेतला.

हे सगळे आज सांगण्याचे कारण असे, की ब्लॉक गेले, खिळे जुळवणारे गेले, पण ते कपाट अजून तिथेच आहे. ते आता संगणकात आहे आणि त्यात फोटो मावेनासे झाले आहेत, एवढाच फरक. विमान हरवले या बातमीत खरी बातमी हीच असते की ते कोणाला दिसत नाही. जे कोणाला दिसत नाही त्याचा आजचा फोटो येणार कोठून? पण जागा रिकामी ठेवायची नाही हा आमच्या धंद्याचा जुना धर्म. मग कुठले तरी विमान येते आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘संग्रहित’ असे येते. ही अक्षरे वाचायला मला भिंग लागते, आणि भिंग घेऊन टीव्हीपुढे बसणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

२९ मे २०२२ चा रविवार आठवतो. नेपाळात पोखराहून जोमसोमला निघालेले तारा एअरचे ट्विन ऑटर जातीचे छोटे विमान सकाळी दहानंतर बेपत्ता झाले. उणापुरा वीस मिनिटांचा प्रवास. आत २२ माणसे, त्यांत आपल्या ठाण्याच्या एकाच कुटुंबातली चौघे. अवशेष दुसऱ्या दिवशी सकाळी मुस्तांग जिल्ह्यात सुमारे १४,५०० फुटांवर डोंगराच्या कड्याशी दिसले. कोणीही वाचले नव्हते. म्हणजे रविवारच्या साऱ्या दिवसात जागेचा फोटो असणे शक्यच नव्हते, कारण जागाच ठाऊक नव्हती. तरी आमच्या दिवाणखान्यात दिवसभर एक विमान निळ्या आकाशाखाली स्वच्छ उन्हात उभे होते. सौभाग्यवती दुपारी म्हणाल्या, "हे बघा, सापडलं वाटतं!" त्यांनी टाळ्या वाजवायचेच बाकी ठेवले होते. ठाण्यात त्या वेळी कोण कोण टीव्हीपुढे बसले असेल, हे मनात आले आणि मी तो बंद केला.

त्यात आणखी एक गोम आहे. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी त्याच कंपनीचे, त्याच जातीचे विमान त्याच वाटेवर कोसळले होते आणि त्यातली सगळी २३ माणसे गेली होती. त्या वेळच्या अवशेषांचा फोटो कपाटातून निघाला, तर नातेवाइकांनी तो वेगळा कसा ओळखायचा? एक खूण मात्र घरातल्या मुलांनाही शिकवता येईल. विमानाच्या अंगावर त्याचा नंबर असतो. आपल्या देशातल्या नागरी विमानाचा ‘व्हीटी’ने सुरू होतो, नेपाळच्या विमानाचा नऊचा आकडा आणि ‘एन’ने. बातमीतला नंबर आणि फोटोतला नंबर जुळवून पाहावा. फोटोत नंबरच दिसत नसेल तर तो फोटो आहे असे समजू नये.

चुकीच्या चित्राने नातेवाइकांचेच मन दुखते असेही नाही, शोधणाऱ्यांचीही वाट चुकू शकते. एकट्याने बलूनमधून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा अमेरिकन साहसवीर स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून एका लहानशा, एका इंजिनाच्या विमानातून निघाला आणि परत आला नाही. त्याचे गाजलेले फोटो होते ते ‘ग्लोबलफ्लायर’ या विमानाबरोबरचे, ज्याच्या पंखांचा विस्तार ११४ फूट. हरवलेल्या विमानाचा होता जेमतेम ३२ फूट. हजारो माणसे घरबसल्या संगणकावर उपग्रहातून घेतलेली वाळवंटाची चित्रे तपासत होती. अशा वेळी डोळ्यांत कोणते विमान बसले आहे, याला महत्त्व येते. शोधात दुसरीच, कधीकाळी पडलेली विमाने सापडली. फॉसेटचे ओळखपत्र वर्षभरानंतर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात एका पायी हिंडणाऱ्याच्या हाती लागले आणि मग विमानाचे तुकडे सापडले.

आणि अमेलिया इअरहार्ट! २ जुलै १९३७ रोजी ही वैमानिक आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन न्यू गिनीतल्या लाए येथून हाउलँड बेटाकडे निघाले आणि पॅसिफिकवर नाहीसे झाले. त्याला ८० वर्षे झाल्याच्या मुहूर्तावर, जुलै २०१७ मध्ये, ‘हिस्टरी’ वाहिनीने अमेरिकेच्या सरकारी दप्तरातला एक जुना फोटो जगापुढे ठेवला. मार्शल बेटांतल्या जालूइटचा धक्का, धक्क्यावर पाठमोरी बसलेली एक आकृती, लांब एका नौकेमागे ओढले जाणारे काहीतरी. आकृती म्हणजे अमेलिया, काहीतरी म्हणजे तिचे विमान, आणि दोघांना जपान्यांनी पकडले होते, असा निष्कर्ष. चेहरे मोजणारे तज्ज्ञही बसवले होते. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो छापला. काही दिवसांतच तोक्योतल्या एका इतिहासप्रेमी गृहस्थाने जालूइटचे नाव जपानी लिपीत घालून शोध घेतला. अर्ध्या तासात तोच फोटो त्याला एका जपानी प्रवासवर्णनात सापडला. पुस्तक छापल्याचे साल १९३५. अमेलिया हरवायला अजून दोन वर्षे होती! मला तज्ज्ञांपेक्षा त्या गृहस्थाचे कौतुक वाटते. त्याने फोटोत कोण आहे हे विचारलेच नाही, फोटो कधीचा आहे एवढेच पाहिले.

तरी हौस फिटली नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘डीप सी व्हिजन’ या अमेरिकन कंपनीने हाउलँडच्या परिसरातले, समुद्राच्या तळाचे ध्वनिलहरींनी घेतलेले चित्र प्रसिद्ध केले. पिवळसर, धूसर, पण पंख आणि शेपूट हुबेहूब विमानासारखे. पुन्हा सगळीकडे मथळे. नोव्हेंबरात कंपनीनेच जवळ जाऊन पाहिले. तो खडक निघाला.

गंमत अशी, की त्याच जानेवारीत आपल्याकडेही समुद्रतळाचा एक फोटो आला होता. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले होते. मालवाहू विमान, तेव्हा लहान म्हणता येणार नाही, पण समुद्रापुढे लहानच. आत २९ जण. पुढे साडेसात वर्षे त्यांची आठवण निघाली की वर्तमानपत्रांत दुसऱ्याच कुठल्या तरी एएन-३२ चा ऐटीत उडणारा फोटो यायचा. मग राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे, आपले आपण चालणारे पाणबुडी यंत्र चेन्नईपासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल गेले आणि त्याने तुकड्यांचे फोटो आणले. चिखलात रुतलेले, वेडेवाकडे, विमान म्हणून ओळखूही येणार नाहीत असे. नुसते पाहून कोणी हो म्हटले नाही. ते एएन-३२ च्या रचनेशी जुळवले, आणि त्या भागात दुसरे कुठलेही विमान हरवल्याची नोंद नाही हेही तपासले. मगच सांगितले. २९ घरांपैकी किती जणांनी तो फोटो कापून ठेवला असेल, कोण जाणे.

काल नात पुन्हा टेबलाशी आली. "आजोबा, हा ठोकळा ठेवायचाच असेल तर मागे नाव तरी लिहू या. काय लिहू?"

"डाकोटा लिही," मी म्हटले. "आणि त्याच्याखाली लिही, पुष्पक नव्हे."

"पुष्पक कुठलं?"

"अंक येऊ दे, मग सांगतो," असे म्हणून मी चष्मा पुसायला घेतला.